निंटेंडोकडे एवढा पैसा असताना ती मोठे स्टुडिओ का विकत घेत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: एमबीएच्या प्रकल्पासाठी 'कुटुंबाने एकत्र खेळायचे गेम बनवणाऱ्या कंपनीने स्टुडिओ विकत घेऊन कसं वाढावं' हा विषय मिळालाय, उदाहरण म्हणून जपानची, मारिओवाली निंटेंडो घेतलीय, आणि मार्गदर्शक सांगतायत की मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ही मोठी गेम कंपनी घेतली तसा एखादा मोठा घास निंटेंडोनेही घ्यावा असं लिहा. तुम्हाला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे मांडता येत नाहीये.

तुमचा संशय बरोबर आहे असं मला वाटतं. मी 21 वर्षं गेमच्या धंद्यात आहे. आधी पुण्यात प्रोड्यूसर होते, त्यातली बरीच वर्षं परदेशी प्रकाशकांच्या लहान मुलांच्या गेमवर गेली. गेली काही वर्षं एखादा स्टुडिओ विकत घेण्याआधी त्याची आतून तपासणी करून देते. म्हणजे हिशेबाच्या वह्या नाहीत, ते सीए बघतात. मी बघते ती माणसं, कोड आणि कामाची पद्धत.

आधी प्रश्नच थोडा वेगळा मांडते. 'किती मोठा स्टुडिओ परवडेल' हा निंटेंडोसमोरचा प्रश्न नाहीच. एक लाख कोटी येनहून जास्त रोकड आहे, कर्ज जवळपास नाही. खरा प्रश्न असा, की घरात नवी माणसं आली तरी घरची चव तीच राहील का? ज्या कंपनीचा डबा आईबाप मागचं लेबल न वाचता मुलाच्या हातात देतात, तिची खरी मालमत्ता तो विश्वास असतो. तो ताळेबंदात कुठे दिसत नाही, आणि खरेदीत सगळ्यात आधी धोक्यात तोच येतो.

आकडेच बघा. मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्डचा सौदा जाहीर केला जानेवारी 2022 मध्ये, 6,870 कोटी डॉलरला. त्या कंपनीत तेव्हा साधारण 10 हजार माणसं होती. निंटेंडोच्या तेव्हाच्या जगभरच्या सगळ्या शाखा धरल्या तरी सातेक हजार. म्हणजे असा घास घेतला तर दुसऱ्या दिवशी घरातल्यांपेक्षा पाहुणेच जास्त. त्याच सुमारास निंटेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना पत्रकारांनी हेच विचारलं होतं. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आमचं नाव आमच्या लोकांनी मन लावून केलेल्या कामातून उभं राहिलंय, ज्यांच्यात निंटेंडोचा पिंड नाही अशी माणसं मोठ्या संख्येने घेऊन कंपनीचं भलं होणार नाही. काहींना तो जपानी संकोच वाटला. मला तो धंद्याचा चोख हिशेब वाटतो.

आता निंटेंडोने खरोखर काय काय घेतलं ते पाहू, कारण उत्तर तिथेच आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचा नेक्स्ट लेव्हल गेम्स हा स्टुडिओ 2002 चा. निंटेंडोसाठी त्यांचा पहिला गेम 2005 मध्ये आला, मारिओचा फुटबॉल. मग 2009 मध्ये 'पंच-आउट', 2013 मध्ये 'लुइजीज मॅन्शन'चा दुसरा भाग. पुढे तर त्यांनी इतर प्रकाशकांची कामं घेणंच थांबवलं. 2019 मध्ये 'लुइजीज मॅन्शन 3' आला आणि त्याच्या 1 कोटीहून जास्त प्रती खपल्या. एवढं सगळं झाल्यावर, जानेवारी 2021 मध्ये निंटेंडोने खरेदी जाहीर केली. पहिल्या गेमपासून मोजलं तर पंधरा-सोळा वर्षं एकत्र काम केल्यावर. आणि तेव्हाही कारण काय? निवेदनात सरळ लिहिलं होतं, की स्टुडिओच्या काही मालक-संचालकांना आपले समभाग विकायचे होते आणि ते गिऱ्हाईक शोधत होते.

हे वाक्य तुमच्या प्रकल्पात अधोरेखित करा. निंटेंडो वाढायला बाहेर पडली नव्हती. घरचा झालेला माणूस दुसऱ्याच्या दारी जाईल म्हणून तिने खिशात हात घातला. स्टुडिओ दुसऱ्या कुणी घेतला असता तर लुइजी निंटेंडोचाच राहिला असता, हक्क तिच्याकडेच होते. पण भुताला घाबरणारा लुइजी नेमका किती घाबरला की मूल हसतं आणि किती घाबरला की मूलही घाबरतं, हे ज्यांच्या हातात बसलं होतं ते हात गेले असते. ते हात पुन्हा घडवायला दहा वर्षं लागतात. मी अशा एका गेमच्या चालण्याच्या अॅनिमेशनवर पाच महिने गेलेले पाहिलेत, म्हणून हे ठामपणे सांगते.

एसआरडीची गोष्ट याहून बोलकी. हे नाव खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. पण पहिल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या काळापासून निंटेंडोच्या गेमचं प्रोग्रॅमिंग ही कंपनी करत आली, तेही निंटेंडोच्याच क्योटोतल्या इमारतीत बसून. जवळपास चाळीस वर्षं शेजारी बसून काम केलं आणि 2022 मध्ये निंटेंडोने ती विकत घेतली. बाहेरच्याला वाटेल, आधीच आत होती, मग घेतली कशाला? अहो, मालकी दुसऱ्याची होती. पुढची पिढी मालक झाली की काय करेल याचा भरवसा कुणी द्यायचा? कागद उशिरा झाला, नातं आधीचंच होतं.

आता तुमचे मार्गदर्शक म्हणतील, मग मोनोलिथ सॉफ्टचं काय, तिथे तर निंटेंडो बाहेर जाऊन घेऊन आली. खरं आहे. 2007 मध्ये बंदाई नामको या दुसऱ्या जपानी गेम कंपनीकडून 80 टक्के हिस्सा घेतला. मोनोलिथ 1999 मध्ये स्क्वेअर ही गेम कंपनी सोडून आलेल्यांनी काढलेला स्टुडिओ, मोठ्या लांबीच्या कथागेमांचा. ते काम लहान मुलांचं अजिबात नव्हतं. पण तोवर निंटेंडोसाठी त्यांचं काम सुरू झालेलं होतं, म्हणजे ओळख होती. आणि पुढे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. टोकियोतल्या मूळ चमूला त्यांच्याच पद्धतीचे मोठे गेम करू दिले, त्यातून 2010 मध्ये 'झेनोब्लेड' आला. आणि मोनोलिथच्या क्योटोतल्या शाखेने निंटेंडोच्या स्वतःच्या गेमना हातभार लावला. 'झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं ते अवाढव्य मोकळं रान उभं करण्यात त्यांचा वाटा आहे. म्हणजे एका खरेदीतून दोन गोष्टी मिळाल्या: जी चव आपल्याकडे नव्हती ती, आणि जे कौशल्य आपल्या चुलीवर कामी येतं ते.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो मी बैठकांमध्येही ऐकते. 'आपण फॅमिली ब्रँड, तेव्हा फॅमिली गेमवालेच स्टुडिओ घ्यावेत.' असं नसतं. मे 2024 मध्ये निंटेंडोने शिव्हर एंटरटेनमेंट हा फ्लोरिडातला छोटा स्टुडिओ एम्ब्रेसर ग्रुपकडून घेतला. त्यांनी 'मॉर्टल कॉम्बॅट 1' हा रक्तबंबाळ गेम स्विच या निंटेंडोच्या यंत्रावर आणला होता. निंटेंडोला ते रक्त नको होतं. ताकदवान यंत्रांसाठी बनवलेला गेम हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर बसवण्याचं कसब हवं होतं, ज्याला आम्ही पोर्टिंग म्हणतो. स्टुडिओने काल काय विकलं यापेक्षा त्याच्या हातात काय आहे ते बघायचं असतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल, म्हणजे हळूहळू, ओळखीतलं घेत राहायचं, झालं. पण उलटी बाजू पाहिल्याशिवाय तुमचा प्रकल्प पुरा होणार नाही, आणि ती बाजू म्हणजे डिस्ने.

कुटुंबाचा विश्वास डिस्नेइतका कुणाकडे असेल? पात्रं तर विचारूच नका. पैसाही होता. 2005 मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीचा अॅव्हलांच सॉफ्टवेअर घेतला, 2007 मध्ये जंक्शन पॉइंट हा स्टुडिओ आणि त्याच वर्षी कॅनडातला मुलांचा ऑनलाइन खेळ 'क्लब पेंग्विन', 35 कोटी डॉलर रोख आणि नफ्याचे टप्पे गाठले तर आणखी 35 कोटींपर्यंत. 2010 मध्ये प्लेडम ही गेम कंपनी, 56 कोटी डॉलरहून जास्त रक्कम. आणि मग? जंक्शन पॉइंट जानेवारी 2013 मध्ये बंद. 'क्लब पेंग्विन' मार्च 2017 मध्ये बंद. अॅव्हलांच बंद करायचं मे 2016 मध्ये जाहीर झालं. पुढच्या जानेवारीत तो वॉर्नर ब्रदर्सने उचलला, आणि त्याच स्टुडिओने 2023 मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' दिला, ज्याच्या पहिल्याच वर्षात 2 कोटींहून अधिक प्रती गेल्या. तेच शहर, तेच नाव. मालक बदलला आणि काम करायला वेळ मिळाला.

डिस्नेचं नेमकं काय चुकलं यावर मतं वेगळी असतील. माझं मत सांगते. डिस्नेसाठी गेम हा जोडधंदा होता. जोडधंद्यात दोन वर्षं वाईट गेली की वरच्या मजल्यावर पहिला प्रश्न येतो, 'हे आपण करतोय कशाला?' निंटेंडोला तो प्रश्न पडूच शकत नाही, कारण तिच्याकडे दुसरं घर नाही. तिच्या 'मेट्रॉइड प्राइम 4' या गेमची घोषणा 2017 मध्ये झाली. जानेवारी 2019 मध्ये काम मनासारखं नाही म्हणून सगळं थांबवून टेक्सासच्या आपल्याच रेट्रो स्टुडिओजकडे नव्याने सोपवलं, आणि गेम आला डिसेंबर 2025 मध्ये. एवढा धीर नसेल तर स्टुडिओ विकत घेऊच नये, कंत्राट द्यावं. मोकळेपणाने सांगायचं तर बहुतेक कंपन्यांना मी हाच सल्ला देते.

त्या 'आणखी 35 कोटींपर्यंत'वरही थोडं बोलायला हवं. याला अर्न-आउट म्हणतात: आत्ता इतके, नफ्याचा आकडा गाठलात तर पुढे इतके. घेणाऱ्याला हे फार सुरक्षित वाटतं. मुलांच्या गेममध्ये मला ते घातक वाटतं. मी स्वतः यातून गेलेय. पुण्यात मी होते तो स्टुडिओ एका परदेशी कंपनीने घेतला, दोन वर्षांच्या अर्न-आउटवर. आमचा गेम पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा. पहिल्या तिमाहीत आकडा कमी पडला, आणि तोवर ज्या बैठकीत आम्ही मूल कुठे अडखळतं यावर बोलायचो, तिथे मूल कुठे पैसे खर्च करेल यावर बोलायला लागलो. कुणी वाईट माणूस नव्हता. कराराने सगळ्यांची मान त्याच दिशेला वळवली. शेवटचा हप्ता जमा झाला त्या महिन्यात आमचे सात ज्येष्ठ लोक गेले, मीही गेले. घेणाऱ्याच्या हाती गेमचं नाव उरलं. म्हणून मुलांच्या गेमचा स्टुडिओ घेताना जादा पैसे द्यायचेच तर ते नफ्याला न बांधता माणसं किती वर्षं टिकली याला बांधावेत, असं मी दरवेळी सांगते. माणसं तशीही जातात, हे खरं. रेट्रोतून 2008 मध्ये 'मेट्रॉइड प्राइम'चे तीन प्रमुख बाहेर पडले. तरी 2010 मध्ये त्याच स्टुडिओने 'डॉन्की काँग कंट्री रिटर्न्स' काढला, कारण तोवर पद्धत भिंतीत मुरलेली होती.

दुसरा धोका मोठ्या घरातल्या धाकट्यांचा. कॅलिफोर्नियातला टॉइज फॉर बॉब अॅक्टिव्हिजनने 2005 मध्ये घेतला. याच लोकांनी 2011 मध्ये 'स्कायलँडर्स' दिला, बाहुली ठेवली की पडद्यावर जिवंत होते तो खेळ. लहान मुलांच्या गेममध्ये त्या दशकात इतकी ताजी कल्पना मी दुसरी पाहिली नाही. पुढे 2021 मध्ये याच स्टुडिओला 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या मदतीला बसवलं. युद्धाचा गेम जास्त कमावतो, तेव्हा हिशेबाने ते बरोबरच. 2024 मध्ये ते पुन्हा स्वतंत्र झाले. मोठ्या कंपनीत मुलांसाठी काम करणारा स्टुडिओ नेहमी 'मोकळे हात' म्हणून दिसतो. हे टाळायचं तर घेणाऱ्याचा मुख्य धंदाच मुलांचा आणि कुटुंबाचा असावा लागतो.

रेअरचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून तेही. इंग्लंडच्या या स्टुडिओने 1994 मध्ये 'डॉन्की काँग कंट्री' आणि 1997 मध्ये 'गोल्डनआय' दिला. निंटेंडोचा त्यात 49 टक्के हिस्सा होता. उरलेला घेण्याऐवजी 2002 मध्ये तिने आपला हिस्साही विकला आणि मायक्रोसॉफ्टने साडेसदतीस कोटी डॉलरला पूर्ण स्टुडिओ घेतला. तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला होता. माझ्या मते निर्णय बरोबर होता. 49 टक्के ही या धंद्यातली सर्वांत अवघड जागा आहे: खर्चाची धग लागते, पण शेवटचा शब्द आपला नसतो. एकतर पूर्ण घ्यावं, नाहीतर हातातला करार चांगला ठेवावा. 'कर्बी'वाली एचएएल लॅबोरेटरी पाहा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बुडायला आली होती. निंटेंडोचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी मदत केली ती सातोरू इवाता यांना अध्यक्ष करायचं या अटीवर. कंपनी विकत घेतली नाही, योग्य माणूस खुर्चीत बसवला. एचएएल आजही स्वतंत्र आहे आणि 'कर्बी' आजही निंटेंडोच्याच यंत्रावर येतो. इवाता पुढे 2002 मध्ये निंटेंडोचेच अध्यक्ष झाले.

इथवरचा धागा एकदा हातात घेऊ: कामाचं नातं आधी, मालकी नंतर, आणि मालकी तेव्हाच जेव्हा नातं तुटायची वेळ येते किंवा आपल्याकडे नसलेलं कसब मिळतं. आकार असा, की नव्या माणसांना जुन्यांच्या शेजारी खुर्ची मिळेल.

आता हे कशावर अवलंबून आहे ते. निंटेंडो स्वतःचं यंत्र बनवते, म्हणून तिच्याशी काम करणारे स्टुडिओ वर्षानुवर्षं जवळ राहतात. ज्या कंपनीचं स्वतःचं यंत्र नाही तिला पंधरा वर्षं वाट बघणं परवडेलच असं नाही. एखादा चमू दोन गेमनंतर कुणीतरी पळवेल. तिथे मी दोन गेम पुरे म्हणते, पण दुसरा गेम पहिल्यापेक्षा अवघड द्यावा, म्हणजे अडचणीत माणसं कशी वागतात ते कळतं. दुसरं, देश. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर युबिसॉफ्टने 2008 मध्ये पुण्यात पाय रोवले ते गेमलॉफ्टचा तिथला स्टुडिओ घेऊन. दोन्ही कंपन्या तेव्हा फ्रान्सच्या गिलेमो कुटुंबातल्या, म्हणजे तोही व्यवहार ओळखीतलाच. त्या पुण्याच्या स्टुडिओने पुढे 'जस्ट डान्स'वर वर्षानुवर्षं काम केलं. घराघरात नाचला जाणारा तो गेम आपल्या पोरापोरींच्या हातून गेलाय, हे सांगताना मला आजही बरं वाटतं.

तपासणीत मी काय बघते तेही विचारलंय तुम्ही. मुलांचा डेटा आणि खरेदीची बटणं सगळ्यात आधी. 2022 च्या डिसेंबरमध्ये एपिक गेम्सला अमेरिकेत 'फोर्टनाइट'वरून 52 कोटी डॉलर भरावे लागले, त्यातला मोठा भाग मुलांच्या माहितीच्या कायद्यापायी. असा स्टुडिओ घेतला तर ते घोंगडंही आपल्याच गळ्यात येतं. मग कोड: बिल्ड, म्हणजे कोडपासून बनणारा चालता गेम, कोणत्याही यंत्रावर तयार होतं का, की एकाच माणसाच्या संगणकावर? एका ठिकाणी गेमची सगळी टक्कर-उसळीची यंत्रणा एकट्या माणसाच्या डोक्यात होती आणि तो नोटीसवर होता. तो सौदा मी थांबवायला सांगितला.

पण मन लावून बघते ते हे, की मुलं खेळताना हे लोक काय करतात. एका छोट्या स्टुडिओत दर शनिवारी कर्मचाऱ्यांची आणि शेजारची मुलं खेळायला यायची. मागे उभ्या मोठ्यांना तोंड उघडायला बंदी होती. पोराने चुकीचं बटण दाबलं की कुणी 'अरे, ते नाही' म्हणायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. दोन तास सगळे गप्प उभे. त्या दिवशी माझ्या अहवालातला निम्मा भाग लिहून झाला होता.

तेव्हा प्रकल्पासाठी मी तुमच्या जागी असते तर कोणत्या मोठ्या कंपन्या विकाऊ आहेत त्यांची यादी करत बसले नसते. निंटेंडोसाठी आज गेम बनवणारे, पण तिच्या मालकीचे नसलेले स्टुडिओ एका तक्त्यात मांडले असते. प्रत्येकासमोर चार रकाने: किती वर्षं बरोबर आहेत, किती गेम केले, बाहेरचं काम किती घेतात, आणि मालकी कुणाकडे आहे. शेवटच्या रकान्यात मालक संस्थापकच असतील तर त्यांनी स्टुडिओ कोणत्या वर्षी काढला तेही लिहा, म्हणजे ते थांबायचा विचार कधी करतील याचा अंदाज येतो. हाच तक्ता 2020 मध्ये कुणी केला असता, तर नेक्स्ट लेव्हल गेम्स पहिल्या ओळीत दिसला असता.